ताणावर सोडलेली बाग

अकोला,
१४ मार्च २०२४

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, संमतिपत्राचा मसुदा आणि तुमच्या कारखान्यातील संत्र्याच्या वाइनची बाटली, अशी तिन्ही सुखरूप पोहोचली. मी फोन उचलत नाही ही तुझी तक्रार रास्त आहे. तो वाजतो हे कळते. उठावेसे वाटत नाही. पत्राला उत्तर देण्याची सवय मात्र अजून मोडलेली नाही.

अनुपमाला जाऊन चार महिने झाले. घर चालू आहे. साडेपाचला उठतो, चहा करतो, वर्तमानपत्र वाचतो. त्यातील चुका पूर्वी मास्तरकीच्या सवयीने पेन्सिलीने खुणावीत असे. आता नुसते वाचतो. भेटायला येणारे 'सावरलात का?' असे विचारतात. सावरण्यासाठी आधी कोसळावे लागते, आणि माझे तसे काही झालेले नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतात, मग आपलाच ओठ दुसऱ्या कोणाचा तरी वाटू लागतो. तेवढेच.

आता कामाचे. कृषी विद्यापीठात शिकत असताना तू चार वर्षे आमच्या वरच्या खोलीत राहिलीस. त्यामुळे वरूडची बाग हा अनुपमाच्या माहेरचा विषय होता, हे तुला ठाऊक आहे. वडिलांनी ती तिला दिली, तिने ती तुझ्या आणि नितेशच्या, तुम्हा नवरा-बायकोच्या, हवाली केली. मी तेथे लग्नानंतर एकदाच, १९७४ साली, गेलो. आता सातबाऱ्यावर माझे नाव लागले आहे. मद्य करणाऱ्या उद्योगाशी ते जोडले जावे की नाही, हे मी ठरवलेले नाही. शिवाय मसुद्यात 'विहीर पूर्ववत दोन महिने वस्तीसाठी राहील' असे वाक्य आहे. पूर्ववत म्हणजे कशी, हे मला अनुपमाने कधी सांगितले नाही. अर्थात, मीही विचारले नव्हते.

आणखी एक. तिच्या पर्समध्ये लाल दोरा बांधलेली पितळी किल्ली सापडली. घरातील सर्व कुलपांना लावून पाहिली. एकालाही लागत नाही. तुला ठाऊक असल्यास कळवावे.

बाटली शब्दकोशांच्या मागे ठेवली आहे.

तुझा,
वसंतकाका

*

वरूड,
२२ मार्च २०२४

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

ती किल्ली बागेतल्या पंपखोलीची आहे. दोनच आहेत. एक खुशालरावांकडे असते, ते तेरा वर्षांपासून बागेची राखण करतात. दुसरी काकूंकडे होती.

मद्याबद्दल तुम्हाला काय वाटते ते मला माहीत आहे, म्हणून फक्त काम कसे चालते ते लिहिते. आमचा कारखाना म्हणजे जुनी पॅकिंग शेड, तीन टाक्या आणि सहा माणसे. वरूडची गोल, चकचकीत संत्री ट्रकमध्ये बसून दूर जातात. डागी आणि बारीक राहिलेली कोणी घेत नाही. ती आम्ही घेतो, रस काढून आंबवतो. साली आणि चोथ्याचे खत होऊन बागांतच परत जाते.

विहिरीचा नियम काकूंनी घातला. टेकडीखालच्या वस्तीत एकतीस घरे आहेत आणि एप्रिल-मेमध्ये त्यांचे बोअर कोरडे पडते. त्या दोन महिन्यांत जो शेतकरी आपली विहीर वस्तीला देईल, त्याचे सगळे फळ, डागीसुद्धा, आम्ही घ्यायचे. नितेश म्हणाला होता, "काकू, अशानं आमचं दिवाळं निघन." काकू म्हणाल्या, "निघू दे. मग तू मोकळा, मी मोकळी." दिवाळे निघाले नाही. आज सात शेतकरी आलटून-पालटून विहिरी देतात, त्यांत काकूंची सगळ्यांत मोठी. तशीही त्या दोन महिन्यांत बागांना विहीर लागत नाही.

वस्तीत पाण्याच्या पाळ्या दुर्गाबाई लावतात. त्या महानुभाव पंथाच्या, रिद्धपूरला जाणाऱ्या. दारू हा शब्द ऐकला तरी पदर तोंडाला लावतात. आम्ही हौसेने वस्तीतल्या पाण्याच्या टाकीवर कारखान्याचे नाव रंगवले होते, तर म्हणाल्या, "पुसून टाक माय. पानी बाईचं हाय, तुह्या दारूचं नाई." बाई म्हणजे काकू. पुसले.

संमतिपत्राची घाई करत नाही. पण ते नसेल तर पुढच्या वर्षी तुमची विहीर धरता येणार नाही, आणि ती नसेल तर वस्तीचे भागणार नाही.

तुमची,
प्राजक्ता

*

अकोला,
९ मे २०२४

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. बाटलीसोबत आलेले तुमचे माहितीपत्रक आता बारकाईने वाचले. 'आम्ही निसर्गाचे ऋण फेडतो' हे वाक्य काढून टाकावे. ऋण फेडले की नाही, हे सांगण्याचा अधिकार फेडणाऱ्याला नसतो.

संमतीबाबत माझे मत सध्या प्रतिकूल आहे. दुसऱ्याला पाणी देणे चांगले. परंतु ते देताना स्वतःच्या दारातील झाड वाळू देणे, याला मी दान म्हणत नाही. अनुपमाने ज्या विश्वासाने ती बाग तुमच्याकडे सोपवली, त्या विश्वासाचा विचार व्हावा. याहून अधिक सध्या लिहीत नाही.

माझी प्रकृती बरी आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत झोपही लागली.

तुझा,
वसंतकाका

*

वरूड,
२० मे २०२४

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र येण्याआधीपासूनच इथे एकच गोंधळ चालू आहे, म्हणून मीही उशिराच लिहीत आहे.

झाडे वाळण्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितले, माहीत नाही. काका, आम्ही ती वाळू देत नाही. मृगाचा बहार घ्यायचा असला की एप्रिल लागताच झाडाचे पाणी कमी करत आणावे लागते आणि मध्यापासून मे संपेपर्यंत ते पूर्ण तोडावे लागते. त्याला बाग ताणावर सोडणे म्हणतात. पाने मलूल होतात, आत वळतात, निम्मी गळून पडतात. नवख्याला बाग मेली असेच वाटते. पण झाड आतून तयार होत असते, आणि जूनमध्ये पाणी मिळाले की फुलांनी भरते. म्हणून तर त्या दोन महिन्यांत विहीर मोकळी असते. काकूंनी दोन्हींचा मेळ घातला होता: झाडांचा ताण आणि वस्तीचे पाणी. हे मी आधीच लिहायला हवे होते. इथे लहान पोरालाही माहीत असते, म्हणून लिहिले नाही.

आता झाले काय ते सांगते. खुशालराव चार ते सात मे भाचीच्या लग्नाला अचलपूरला होते. त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसाची होती, म्हणून ते टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आणि पंप आपोआप चालू होईल असा ठेवून गेले होते. परत येऊन बघतात तर दोनशे दहा झाडांची आळी चिंब, विहीर तळाला आणि वस्तीची टाकी कोरडी. ताण मध्येच तुटला. आता नुसती पालवी फुटते आहे. यंदा फूल येणार नाही. उन्हाळ्यात विहिरीचे झरे मंद असतात, म्हणून पाणी चढायला नऊ दिवस लागले, आणि बाकीच्या सहा विहिरी यंदा एप्रिलमध्येच आटल्या होत्या. ते नऊ दिवस वस्तीतल्या बायांनी पलीकडच्या शिवारातून डोक्यावर हंडे आणले. दुर्गाबाईंच्या सुनेला सातवा महिना आहे. तीही जात होती.

कुलूप तुटलेले नव्हते. किल्ली खुशालरावांच्या कमरेला. लोक बोलू लागले की त्यांनी कोणाकडून तरी काहीतरी घेऊन जाताना किल्ली दिली आणि पाणी सोडू दिले. नितेशचा तोल गेला. टाकीपाशी, भरल्या रांगेसमोर, त्यांना चोर म्हणाला आणि किल्ली काढून घेतली. खुशालराव तसेच घरी निघून गेले. तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत.

मी काय करू, मला कळत नाही.

तुमची,
प्राजक्ता

*

अकोला,
२४ मे २०२४

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पाणी मी सोडले.

तुझ्या मार्चच्या पत्रात किल्लीचा उलगडा झाला, परंतु ते कुलूप प्रत्यक्ष पाहावे असे मनात राहिले. घरातील एकही वस्तू मला कोठे न्यायला तयार नव्हती. किल्लीला निदान जागा होती. ४ मे रोजी सकाळच्या बसने अमरावतीला गेलो, तेथून वरूडला. लॉजवर उतरलो. तुम्हाला कळवले नाही, कारण कळवले असते तर कोणी तरी सोबत आले असते.

५ तारखेला बागेत गेलो. कोणी नव्हते. झाडांची पाने मिटलेली, पिवळी. खाली पाचोळ्याचा थर. एका फांदीला हात लावला तर सात-आठ पाने हातात आली. हिने पन्नास वर्षे ज्या झाडांचे नाव माझ्यासमोर घेतले, ती झाडे ही गेल्यावर सहा महिन्यांत मरत आहेत, असे मला वाटले. विहिरीत पाणी दिसत होते. तू लिहिले होतेस की बागेला विहीर लागत नाही. मला वाटले, वस्तीच्या कौतुकासाठी तुम्ही झाडांचे तोंड बांधले आहे.

किल्ली लागली. आत दोन व्हॉल्व्ह होते, एकावर 'टाकी' आणि एकावर 'बाग' असे लिहिलेले. अक्षर अनुपमाचे होते. मी टाकीचा बंद केला आणि बागेचा उघडला. दोन दिवस, वीज होती तोवर, या आळ्यातून त्या आळ्यात नळी फिरवत राहिलो. हाताला फोड आले. विहिरीत वाकून पाहिले नाही. टाकीवर कोण येते, याचाही विचार केला नाही. ६ तारखेला संध्याकाळी कुलूप लावून निघालो आणि अकोल्यास येऊन नऊ तास झोपलो.

९ मेच्या पत्रात मी हे लपवले. तुमच्यावर ठपका ठेवायचा होता, म्हणून लपवले.

खुशालरावांना याच टपालाने वेगळे पत्र लिहिले आहे. नितेशने त्यांना किल्ली आजच परत करावी.

वसंतकाका

*

वस्ती, टेकडीखाली,
३ जून २०२४

मास्तर,
नमस्कार.

तुमची चिठ्ठी पोरीनं वाचून दाखवली. मी सातवी शिकलो आहो, पन आता अक्षर दिसत नाई, म्हून मी बोलून राहिलो अन् वर्षाली लिहून राहिली. तिले सांगतलं हाय, म्या जसं बोललं तसंच लिही, सुधारू नको.

नितेशभाऊ आले होते. प्राजक्ताताईबी होती. दोघाईनं माफी मांगतली, किल्ली पाटावर ठेवली. म्या उचलली नाई. माफी घरात मांगतली. चोर मले टाकीपाशी म्हनलं होतं, समद्या बायाईसमोर. मंग माफी घरात काहून?

तुमच्यावर माहा राग नाई. असता तर चिठ्ठी फाडली असती. पन तेरा वर्स ती किल्ली माह्या कमरेले होती. लोकं आता माह्या कमरेकडे पाह्यते अन् मंग माह्या तोंडाकडे पाह्यते.

तुमी टाकीपाशी या अन् सांगा. मंग मी किल्ली उचलतो. तुमी चिठ्ठीत 'माझ्या हातून प्रमाद घडला' असं लिहिलं. वर्षालीनं मले त्याचा मतलब सांगतला. टाकीपाशी तो शब्द नका वापरू. पानी म्या सोडलं, असं सांगा. तेवढं समद्याईले समजते.

सकाळी सातच्या पाळीले या. तवा समदे असते.

खुशालराव

*

अकोला,
१३ जून २०२४

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

९ तारखेला तू नागपूरला होतीस. नितेशने तुला वृत्तान्त सांगितला असेलच; परंतु तो जरा माझ्या बाजूने सांगेल अशी भीती वाटते, म्हणून नेमके लिहितो.

पाऊस आलेला नव्हता, त्यामुळे रांग होती. पस्तीस-चाळीस बायका, काही पुरुष. खुशालराव बाभळीखाली उभे होते, माझ्याकडे न पाहता. मी रात्री तयार केलेला मजकूर खिशात होता. तो काढला नाही. मी म्हणालो, "पाच आणि सहा मेला विहिरीचे पाणी मी बागेत सोडले. किल्ली माझ्याकडे होती. खुशालराव चोर नाहीत."

मग दुर्गाबाई पुढे आल्या. "कोन तुमी?"

"अनुपमाचा नवरा."

रांगेतून एक बाई म्हणाली, "बाईले नवरा होता काय?" दोघी-तिघी हसल्या. हसणे गैर नव्हते. तेरा वर्षांत त्यांनी मला पाहिले नव्हते.

दुर्गाबाई हसल्या नाहीत. "माही सून नऊ दिवस हांडा घेऊन गेली," त्या म्हणाल्या. "सातव्यात होती ते. काई झालं असतं तर?"

मी रांगेतल्या हंड्यांकडे पाहिले.

"झाडाले पानी पाजलं, त्याचं पाप लागत नाई, मास्तर. पन बागेतून खाली वस्ती दिसते. पाच मिनिटं चालत आले असते, कोनाले इचारलं असतं, तर सांगतलं असतं."

मी लाल दोऱ्याची किल्ली त्यांच्यासमोर धरली. माझा तिच्यावर अधिकार नाही, ती वस्तीकडे राहावी, असे म्हणालो. त्यांनी हात मागे घेतला. "मले नको. बाईची हाय. तुमीच ठेवा. पन पुढच्या वर्सी ताणाच्या दिवसाईत इथं राहा. पाह्यत बसा. बाई बसे तशी."

नंतर खुशालराव आले. नितेशने रांगेसमोर त्यांची क्षमा मागितली आणि त्यांनी आपली किल्ली घेऊन कमरेला खोचली. मला म्हणाले, "चहा घेसान?" मी घेतला. फार गोड होता.

मी काही तरी वाटण्याची वाट पाहत होतो. लाज, हलके होणे, काहीही. परतीच्या बसमध्येही पाहत होतो. आले नाही. तू विचारशील म्हणून लिहिले.

संमतिपत्र स्वाक्षरी करून सोबत जोडले आहे. 'बाई बसे तशी' याचा अर्थ मला कळला नाही. तुला ठाऊक असल्यास कळवावे.

तुझा,
वसंतकाका

*

वरूड,
२ ऑगस्ट २०२४

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

संमतिपत्र मिळाले. दुर्गाबाईंच्या सुनेला मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. ही बातमी आधी देते.

बागेत फूल नाही. पालवी इतकी आहे की झाडे रस्त्यावरून सुंदर दिसतात. माहीत असलेला माणूस बघून हळहळतो. यंदा त्या बागेचे एकही फळ टाकीत पडणार नाही. इतर सहा बागांवर आम्ही निभावून नेऊ.

एक सांगायचे राहिले होते. तुम्ही मार्चमध्ये त्या किल्लीबद्दल लिहिले होते, मीच कुठली ते कळवले होते. तरीही खुशालरावांवर आळ आला तेव्हा मला तुमचे नाव एकदाही सुचले नाही. तुम्ही इथे याल, हे आम्ही कोणी धरलेलेच नव्हते. त्यांच्यावरच्या आळात माझाही वाटा आहे. हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "जाऊ दे ताई."

'बाई बसे तशी' म्हणजे असे. काकू दर मे महिन्यात आठ-दहा दिवस इथे यायच्या. तुम्हाला माहेरी जाते म्हणून सांगायच्या, पण माहेर आता कुठे आहे? आमच्याकडे राहायच्या आणि दिवसभर बागेत खुर्ची टाकून बसायच्या. काही करायच्या नाहीत. मी एकदा विचारले, उन्हात कशाला बसता? म्हणाल्या, "खुशालला एकट्याला बघवत नाही गं. झाडं अशी झाली की त्याचा हात व्हॉल्व्हकडे जातो. दोघं असलो की जात नाही."

म्हणजे तुमचा हात गेला त्यात नवल नाही, काका. तुमच्याजवळ कोणी नव्हते, एवढेच.

तुमची,
प्राजक्ता

*

वरूड, बागेतून,
७ मे २०२५

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू टाक्यांच्या कामात असतेस आणि मी सकाळी तू उठण्याआधी निघतो, म्हणून एकाच घरात राहूनही पत्र लिहीत आहे. पाकीट स्वयंपाकघरात डब्यापाशी ठेवीन.

बाग ताणावर सोडून तेवीस दिवस झाले. पाने मलूल आहेत. आजपासून ती आत वळू लागली. विहिरीच्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत गळ अधिक आहे. खुशालराव म्हणतात तिथली जमीन हलकी आहे. टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी सातला उघडतो, साडेआठला बंद करतो. दुर्गाबाईंच्या नातीला आज कडेवर घेऊन रांगेत आणले होते. तिने माझ्या चष्म्याला हात घातला.

अनुपमाची खुर्ची शेडमध्ये सापडली. एक पट्टी तुटली आहे, बसता येते. खुशालराव शेजारी विळ्याने काही तरी तासत बसतात. आम्ही फार बोलत नाही. दुपारी ते दोनदा उठून पंपखोलीकडे निघाले. पहिल्यांदा मी नुसते पाहिले, तर परत येऊन बसले. दुसऱ्यांदा म्हणालो, "खुशालराव, बसा." ते म्हणाले, "बाईबी असंच म्हने."

त्यानंतर बराच वेळ मला समोरचे झाड नीट दिसले नाही. ऊन फार होते, असे मी त्यांना सांगितले.

चार वाजता मी स्वतः उठलो. खोलीपर्यंत गेलो. ते मागून म्हणाले, "मास्तर." मी परत आलो.

पाणी दिलेले नाही.

तुझा,
वसंतकाका